फर्स्ट शिफ्टची सायकल

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगायचा म्हटलं की कारखान्यांची यादी पुढे येते. 1954 साली पिंपरीत सरकारी मालकीची हिंदुस्तान ॲन्टिबायोटिक्स स्थापन झाली, साठच्या दशकाच्या आरंभी आकुर्डीत बजाज ऑटो आली, 1966 साली टाटांची टेल्को. त्यांच्या आगेमागे केएसबी, एसकेएफ, सँडविक, फोर्ब्स मार्शल, थरमॅक्स. चौकांना नि रस्त्यांनाही याच कंपन्यांची नावं पडली. टेल्को रोड, केएसबी चौक, थरमॅक्स चौक हे पत्ते आजही रिक्षावाल्याला तसेच सांगितले जातात. या यादीतून एक साधा प्रश्न मात्र सुटून जातो. सकाळी सातच्या फर्स्ट शिफ्टला हजारो माणसं गेटवर वेळेत पोचत होती, ती कशी? नगरपालिकाच मुळी 1970 साली झाली आणि तिची बससेवा त्यानंतर चार वर्षांनी. पुणे-लोणावळा विजेची लोकल 1978 साली धावू लागली. त्याआधी पुण्याहून पीएमटीच्या बस येत, रेल्वेच्या गाड्याही होत्या, काही कंपन्यांनी स्वतःच्या बसही ठेवल्या. पण शिफ्टचा मोठा भार उचलला तो सायकलने. आता ती गेटवर क्वचित दिसते आणि तिच्या जाण्याचं एकच कारण सगळे सांगतात: माणसं सुधारली, पगार वाढले, लुना आली, मग मोटारसायकल. हे कारण अर्धं खरं आहे असं माझं म्हणणं आहे. कामगाराची सायकल त्याच्या एकट्याच्या बळावर कधीच चालत नव्हती. घर आणि गेट यांच्यातलं माफक अंतर, एकाच गेटवरची वर्षानुवर्षांची नोकरी आणि हळू चालणाऱ्याला सामावून घेणारा रस्ता, या तिन्हींच्या आधाराने ती चालत होती. हे आधार एकेक करून निघाले आणि सायकल गेली. पगार वाढला नाही त्यांचीही गेली, ही गोष्ट, मोठे कारखाने पुढे जिथे गेले त्या चाकणमध्ये गेल्यावर नीट कळते.

सुरुवात अंतरापासून करू. हिंदुस्तान ॲन्टिबायोटिक्सने कारखान्याला लागून वसाहत बांधली. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी उद्योगांची ती रीतच होती: कारखाना उभारायचा तर कामगाराचं घर, शाळा, दवाखाना हाही त्याच आराखड्याचा भाग. एचए कॉलनीतला माणूस पायी किंवा सायकलवर काही मिनिटांत खात्यात पोचे. नंतरचा विस्तार निराळ्या पद्धतीने झाला. 1961 च्या कायद्यानुसार 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, अस्तित्वात आलं. महामंडळाने जमीन संपादन केली, भूखंड पाडले, रस्ते, पाणी, वीज आणली. उद्योजकाला जे लागतं ते एमआयडीसीने दिलं. कामगाराने राहायचं कुठे हा विषय तिच्या कामात मुख्य नव्हता. तो प्रश्न सोडवला आसपासच्या गावठाणांनी. सातारा, सांगली, नगर, सोलापूर, कोकण, मराठवाडा इथून आलेली माणसं, त्यात 1972 च्या दुष्काळाने गाव सोडलेलीही आली, पिंपरीगाव, चिंचवडगाव, भोसरी, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, काळेवाडी, थेरगाव इथल्या खोल्यांमध्ये राहिली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या चिखली, मोशी, तळवडे या बाजूच्या शेतकऱ्यांची मुलंही कामाला लागली. यातल्या बहुतेकांचं घर गेटपासून तीन ते आठ किलोमीटरांवर होतं. सायकलवर पंधरा मिनिटं ते पाऊण तास. पुण्याच्या पेठांतून पिंपरी पंधरा किलोमीटरांच्या आसपास पडे, तरी तेवढं अंतर दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून रोज कापणारे लोक होते. 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, ते औद्योगिक कामगारांना कामाच्या जवळ नियोजित घरं मिळावीत या हेतूने. म्हणजे दहा वर्षं उशिरा का होईना, घर आणि गेट जवळ असले पाहिजेत हे शासनालाही कळलं होतं.

आता ते वाहन जवळून पाहू. काळा रंग, अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, चेनकव्हर, मागे जाडजूड कॅरिअर आणि त्याच्या स्प्रिंगखाली दाबून बसवलेला डबा. हर्क्युलस, रॅले, ॲटलास, हीरो ही नावं. सेकंडहँड घेतलेली असली तर मडगार्डवर आधीच्या मालकाचं नावही असे. पँटचा पाय चेनमध्ये जाऊ नये म्हणून घोट्याला क्लिप. डायनामोचं टोपण मागच्या टायरला टेकवलं की पायडल लगेच जड होई आणि वेग कमी झाला की दिवा मंद. खड्डा दिसावा म्हणून हळू जावं तर नेमका तेव्हाच उजेड कमी. मध्यरात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी निघालेल्या माणसाला ही अडचण रोजची. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा, त्यामुळे दापोडीहून आकुर्डीकडे जाणाऱ्याला तो तोंडावर येई. पावसात रिम ओली झाली की ब्रेकचे रबर नुसते घसरत, म्हणून उतारावर चप्पल जमिनीला घासत थांबण्याची कला सगळ्यांना अवगत होती. दर थोड्या अंतरावर सायकलचं दुकान. पंक्चर काढताना ट्यूब पाण्याच्या बादलीत फिरवून बुडबुडा शोधायचा, तिथे काडीने खूण करायची, ट्यूब कानसेने खरवडायची, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं आणि मग पॅच दाबायचा. चाक डगमगू लागलं की एकेक तार आवळून-सैल करून आउट काढायचा. पावसाळ्यानंतर ओव्हरहॉलिंग: सगळे छरे बाहेर, रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून पुन्हा आत. दुकानदार उधारी पगारापर्यंत थांबवी, कारण गिऱ्हाईक कुठल्या कंपनीत आहे आणि पगार कोणत्या तारखेला होतो हे त्याला पाठ असे. गेटच्या आत पत्र्याचं सायकल स्टँड, तिथला ठरलेला खांब, ठरलेला शेजारी. ही सगळी व्यवस्था माणूस त्याच गेटवर उद्याही येणार या खात्रीवर चालत होती.

या प्रवासाचा खर्च कुणाचा होता, हे विचारलं की सायकलचं खरं मोल लक्षात येतं. कारखानदाराला कामगार ठरल्या मिनिटाला दारात मिळत होता आणि त्याला तिथवर आणण्याचा खर्च, श्रम आणि धोका कामगार स्वतः सोसत होता. 1948 च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असले तर कॅन्टीन हवं, दीडशेहून अधिक असले तर जेवायला आणि विश्रांतीला जागा हवी, असे दंडक होते. गेटच्या बाहेरचा रस्ता मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हता. सायकल घेण्यासाठी केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना बिनव्याजी उचल देत असे, सातव्या वेतन आयोगानंतर ती बंद झाली. खासगी कारखान्यातला माणूस सोसायटीचं कर्ज काढी किंवा दुकानदाराला हप्ते भरी. उलट 1949 च्या महापालिका कायद्यात वाहनांवरच्या कराची तरतूद होती, आणि पुण्यात सायकलला बिल्ला लावावा लागे, नसला तर दंड. सायकलस्वाराकडून घ्यायचं काय हे ठरलेलं होतं, त्याला द्यायचं काय हे कुणी ठरवलं नाही. केरळमधलं एक प्रकरण इथे लागू पडतं. 1971 साली एक कामगार सायकलवरून साडेचारच्या शिफ्टला निघाला होता. सव्वाचार वाजता, कारखाना एक किलोमीटर उरला असताना, त्याच कारखान्याच्या मालकीच्या ट्रकने त्याला धडक दिली आणि त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली ही कामावरची इजा ठरते का, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांनी, 1996 साली निकाल दिला: ठरत नाही, कारण तो अजून कामावर पोचला नव्हता. 2010 साली संसदेने त्या कायद्यात 51-ई हे कलम घालून घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, संरक्षणात आणला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व कामगार भरपाई कायद्यालाही आणि जुन्या अपघातांनाही लागू केलं. ते प्रकरण 2003 साली पहाटेच्या ड्युटीला जाताना वाटेत मृत्यू आलेल्या, महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याचं होतं. म्हणजे या पट्ट्यातल्या सायकलीचा सगळा भरभराटीचा काळ असा गेला, की घराचा उंबरा आणि कंपनीचं गेट यांच्यामध्ये कामगाराचं जे काही होईल ते त्याचं त्याचं.

रस्त्याबद्दल याहून ठोस पुरावा आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही देशातल्या रस्ते अभियंत्यांची संस्था. रस्ता कसा बांधावा याची मानकं तीच ठरवते. तिने सायकलमार्गांची रचना कशी करावी याचं अकराव्या क्रमांकाचं मानक 1962 साली काढलं, म्हणजे एमआयडीसीच्या जन्माच्याच वर्षी. त्यात स्पष्ट म्हटलं होतं, की गर्दीच्या तासाला मोटारवाहनं शंभर ते दोनशे असतील आणि सायकली चारशे किंवा अधिक असतील तर सायकलींसाठी वेगळा मार्ग करावा; मोटारवाहनं दोनशेच्या वर गेली तर तासाला शंभर सायकली असल्या तरी तो करणं रास्त आहे. हे मोजमाप पिंपरी-चिंचवडला लावून पाहा. तेव्हाचा मुंबई-पुणे रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 4, मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मालट्रकांची मुख्य वाट. दोनशे वाहनांची अट तिथे सहज पुरी होत होती. शंभर सायकली तर एका मोठ्या गेटमधून शिफ्ट सुटताना काही मिनिटांत बाहेर पडत. असं असून त्या दशकांमध्ये दापोडी ते निगडी कामगारांसाठी अखंड सायकलमार्ग झाला नाही. जमीन नव्हती म्हणावं, तर याच पट्ट्यात हजारो एकर संपादन चालू होतं आणि पुढे हाच रस्ता 61 मीटर रुंद करायला जागा मिळाली. पैसे नव्हते म्हणावं, तर डांबराची तीन मीटरची पट्टी ही एका औद्योगिक वसाहतीच्या खर्चात किरकोळ बाब होती. मानक होतं, माणसं होती, जागा होती. सायकलवरचा कामगार हा रस्त्याचा हक्काचा वापरकर्ता आहे ही कल्पना नव्हती. तो आहे तोवर आहे, उद्या त्याच्याकडे मोटार येईल, मग कशाला मार्ग बांधायचा, असा विचार त्यामागे असावा असं मला वाटतं. सायकलकडे तात्पुरती गोष्ट म्हणून पाहिलं गेलं आणि म्हणूनच ती तात्पुरती ठरली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. कामगारालाच सायकल नको होती, त्याला स्कूटर हवी होती. हा आक्षेप मी मान्य करतो. बजाजची चेतक बाजारात आली 1972 साली आणि तिच्यासाठी लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं नंबर लावून थांबले. आकुर्डीत ती जोडणाऱ्या माणसांच्या हातात ती यायलाही वेळ लागला. त्याच वर्षी आलेली लुना अनेक घरांतलं पहिलं इंजिनाचं वाहन ठरली, ऐंशीच्या दशकात बजाजची एम-एटी आणि नव्या मोटारसायकली आल्या, रांगा संपल्या, सोसायट्यांनी कर्जं दिली. वीस वर्षं वाऱ्याशी झुंजलेल्या माणसाने गुडघे दुखू लागल्यावर मोटारसायकल घेतली, यात त्याची काय चूक? आणि त्याने ती घेतली हे चांगलंच झालं. पण या आक्षेपातून एवढंच सिद्ध होतं, की ज्याला परवडलं त्याने सायकल सोडली. ज्याला परवडलं नाही त्याची सायकल का गेली, हे त्यातून कळत नाही. 2011 च्या जनगणनेत कामावर जाण्याचं साधन आणि अंतर विचारलं गेलं. शेतीबाहेरच्या देशभरातल्या कामगारांपैकी सुमारे अडीच कोटी स्कूटर-मोटारसायकलवर जात होते आणि त्याहून थोडे जास्त, सुमारे दोन कोटी साठ लाख, सायकलवर. पायी जाणारे साडेचार कोटींच्या घरात. लुनाला चाळीस वर्षं होत आली होती, तरी देशातला कामगार मोठ्या संख्येने पायडल मारत होता. समृद्धी आली की सायकल आपोआप जाते, हेही खरं नाही. नेदरलँड्समध्ये पन्नास-साठच्या दशकांत पगार वाढले, मोटारी वाढल्या, सायकली झपाट्याने घटल्या. 1971 साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. लोक रस्त्यावर उतरले, पाठोपाठ 1973 चं तेलसंकट आलं आणि त्या देशाने सायकलमार्ग बांधायला घेतले. आज तिथला चांगला पगारदार माणूसही सायकलवर कामाला जातो. पगार दोन्हीकडे वाढले. रस्त्याबाबतचा निर्णय वेगळा झाला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही सगळी जुन्या काळाची आठवण उगाळणं आहे, त्या काळात कष्टच होते. कष्ट होते, यात शंका नाही. नाइट शिफ्ट करून सकाळी उन्हात परत येणं, आठ तास उभं राहून पुन्हा आठ किलोमीटर, ओला रेनकोट, ट्रकचा धक्का. यात गोडवा शोधणारा माणूस सायकलवर कामाला गेलेला नसावा. शिवाय ही गोष्ट जवळजवळ पुरुषांचीच आहे. कारखाने कायद्याच्या 66 व्या कलमाने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला मनाई होती, त्यामुळे तीन शिफ्टच्या मोठ्या कारखान्यांनी त्यांना घेणंच टाळलं. टेल्कोच्या इंजिनिअरांसाठीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं, त्यावर सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्यांना पुण्यात नोकरी मिळाली, ही 1974 ची हकिकत सर्वज्ञात आहे. एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपांत, पॅकिंगमध्ये, असेंब्लीत बायका होत्या. त्या बहुतेक चालत जात. साडी नेसून दांडीच्या सायकलवर बसता येत नाही आणि घरात सायकल एकच असली तर ती नवऱ्याची. म्हणून सायकलचा काळ परत यावा असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा खर्चाचा आणि निवडीचा आहे. त्या कामगाराकडे कष्टाचं का होईना, पण स्वतःच्या ताब्यातलं वाहन होतं. ओव्हरटाइम झाला तर तो थांबू शकत होता, गेटसभा लांबली तर ऐकू शकत होता, रात्री बाराला सुटला तर कुणाची वाट न पाहता घरी जाऊ शकत होता. कंपनीची बस चुकली तर खाडा होई. सायकलला चुकायची वेळच नव्हती. या स्वातंत्र्याची किंमत त्याने अंग मोडून दिली, पण ते त्याचं होतं.

दरम्यान शहर फुगत गेलं. 1971 साली लाखाच्या आत असलेली वस्ती 2001 साली दहा लाखांवर आणि 2011 साली सतरा लाखांवर गेली. 1982 साली नगरपालिकेची महापालिका झाली, 1997 साली आणखी गावं हद्दीत आली. महामार्गावर ग्रेड सेपरेटर, सर्व्हिस रोड, पुढे 2018 साली बसगाड्यांसाठी बीआरटीची मार्गिका. 2022 साली मेट्रोही आली. यातलं बरंच काही चांगलं झालं. तरी भुयारात शिरणाऱ्या आणि पुलावर चढणाऱ्या मोटारींसाठी बांधलेल्या या रस्त्यावर सायकलस्वाराला चौक ओलांडणं पूर्वीपेक्षा अवघड झालं, कारण वळणाऱ्या वाहनाचा वेग वाढला. आणि मुख्य म्हणजे गेटच हललं. आकुर्डीतलं बजाजचं दुचाकींचं उत्पादन 2007 साली थांबलं. मोठे कारखाने पुणे-नाशिक रस्त्याने वीस किलोमीटर उत्तरेला गेले.

चाकण म्हटलं की जुन्या माणसाला संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार आठवतो. बजाजचा तिथला कारखाना नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ 2009 साली, महिंद्रा त्याच सुमारास. पाठोपाठ सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने. पिंपरी-चिंचवडमध्ये घर झालेल्या कायम कामगाराला हे अंतर सायकलच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याच्यासाठी कंपनीची बस आली आणि ती योग्यच होती. पण चाकणला राबणाऱ्यांत कायम कामगार थोडे. बाकीचे कंत्राटदाराकडचे, ट्रेनी, 2013 नंतर काही वर्षं ‘नीम’ या सरकारी प्रशिक्षण योजनेखाली घेतलेलेही. ते लातूर, नांदेड, बुलढाणा, वाशीम, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा इथून आलेले आहेत आणि खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी या गावांतल्या शेतकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांमध्ये चार-चार, सहा-सहाजण मिळून राहतात. खोली ते गेट अंतर किती? बहुतेकांचं दोन ते आठ किलोमीटर. पन्नास वर्षांपूर्वी थेरगाव ते आकुर्डी किंवा कासारवाडी ते टेल्को जेवढं होतं तेवढंच. पगार कमी, मोटारसायकल परवडणारी नाही, अंतर सायकलचं. सायकल फक्त गरिबीमुळे होती आणि समृद्धीमुळे गेली, हे खरं असेल तर चाकणच्या गेटवर सायकलींची रांग लागायला हवी होती. ती लागलेली नाही. काही सायकली आहेत. बाकी माणसं रस्त्याच्या कडेने धुळीतून चालतात, सिक्स सीटरमध्ये कोंबून बसतात, कंत्राटदाराच्या तुफान गाडीची वाट पाहत चौकात उभी राहतात.

असं का, याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं रस्ता. पुणे-नाशिक महामार्ग आणि त्याला चाकणमध्ये छेदणारा तळेगाव-शिक्रापूर रस्ता यांवर कंटेनर, मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर आणि नोकरदारांच्या मोटारी एकाच पट्टीत असतात. तळेगाव चौकात शिफ्ट सुटायच्या वेळी पायी माणसालाही पलीकडे जायला जीव मुठीत धरावा लागतो. डांबराच्या कडेची साइडपट्टी खचलेली, रात्री उजेड तुटक. वसाहतीच्या आतले रस्ते कंटेनरला वळता यावं म्हणून रुंद आहेत, पण पदपथ सलग नाहीत, सायकलपट्टीची तर गोष्टच नको. दुसरं कारण कराराचं. सहा-अकरा महिन्यांनी ज्याला कंत्राटदार या गेटवरून त्या गेटवर हलवतो, ब्रेक देतो, पुन्हा घेतो, तो सायकल कशाला घेईल? ती ठेवायची कुठे, खोली सोडताना न्यायची कशी, गेटच्या आत तिला जागा आहे का, या प्रश्नांची उत्तरं कायम कामगाराजवळ होती. दुकानदाराची उधारीही त्याच कायमपणावर चाले. कंत्राटी माणसाला पंक्चर उधार कोण काढून देणार? म्हणून त्याचं वाहनही कंत्राटदाराच्या हातात गेलं, आणि वाहन ज्याच्या हातात त्याच्या हातात कामावर येण्याजाण्याची वेळ.

कुणी म्हणेल, आता सायकलला चांगले दिवस येत आहेत. महापालिकांनी सायकलपट्ट्या रंगवल्या, 2017-18 च्या सुमारास पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्येही ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या, रविवारी सकाळी हेल्मेट घालून लोणावळ्याकडे जाणारे गट आहेत. या सगळ्याला माझा विरोध नाही. जितके लोक सायकलवर येतील तितकं बरं. पण त्या पट्ट्या कुठे आहेत ते पाहावं. त्या बहुतेक नव्या निवासी उपनगरांत आहेत. भाड्याच्या सायकली स्मार्टफोन आणि ऑनलाइन पैसे असलेल्या तरुणासाठी सोसायटीच्या दाराशी होत्या आणि त्यातल्या बऱ्याच सेवा दोन-तीन वर्षांत गुंडाळल्याही गेल्या. शिफ्टची वेळ, गेटची जागा आणि खोल्यांची गावं यांचा नकाशा समोर ठेवून आखलेली सायकलपट्टी या सबंध औद्योगिक पट्ट्यात मला माहीत नाही. व्यायामासाठीची सायकल रस्ता निवडू शकते, कामावरची सायकल निवडू शकत नाही. तिला फक्त खोली ते गेट हाच रस्ता असतो.

नाशिक फाटा ते खेड या तीस किलोमीटरांवर आठ पदरी उन्नत मार्ग बांधायला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता दिली आहे. खर्च 7,827 कोटी रुपये. वरून मोटारी जातील तेव्हा खालचा रस्ता मोशी, कुरुळी, चाकणच्या लोकांना वापरायचा आहे. त्या आराखड्यावर ज्यांची सही होणार आहे त्यांनी, चाकणच्या कारखानदार संघटनांनी आणि कामगार संघटनांनी आत्ताच एक काम करावं. फर्स्ट आणि सेकंड शिफ्ट बदलताना खराबवाडी, निघोजे आणि महाळुंगेच्या फाट्यांवर उभं राहून पायी नि सायकलवर जाणारी माणसं मोजावीत आणि तो आकडा इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाशेजारी ठेवावा. खालच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उजेडाची, ट्रक शिरणार नाहीत अशी तीन मीटरची पट्टी गेटपर्यंत न्यावी, आणि प्रत्येक गेटच्या आत कायम नि कंत्राटी दोघांसाठी एकच सायकल स्टँड असावं. रस्ता एकदा बांधून झाला, की ही जागा पुन्हा मिळणार नाही.